नख तुटतंय? गोळी घेण्याआधी एवढं बघा

नखं तुटायला लागली की आपल्याकडे दोन गोष्टी होतात. घरातलं कोणीतरी "कॅल्शियम कमी झालंय" म्हणून मोकळं होतं, आणि मेडिकलवाला बायोटिन या जीवनसत्त्वाची बाटली काढून समोर ठेवतो. नख मात्र दोघांनीही नीट पाहिलेलं नसतं. नखं बघायची कशी, त्यावरून काय समजतं आणि काय समजत नाही, आणि आपल्या खान्देशी ताटात त्यासाठी काय वाढायचं, हे नव्याने शिकणाऱ्यांसाठी इथे क्रमाने लिहिलं आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची शेतीची कामं आणि इथलं रोजचं जेवण समोर ठेवून.

पहिली पायरी: वीसही नखं उजेडात

नेलपॉलिश काढा, हात-पाय साबणाने धुऊन कोरडे करा आणि सकाळी दारात किंवा ओट्यावर बसा. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींच्या हातावर मेंदी असते आणि लग्नसराईत पॉलिश उतरत नाही, म्हणून तपासणी शक्यतो त्याआधी उरका. हाताची दहा आणि पायाची दहा, सगळी बघायची. लोक फक्त हात पुढे करतात, आणि निम्मी माहिती चपलेतच राहते.

मोबाइलवर फोटो काढून ठेवा. महिन्याने त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा काढा. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने किंवा त्याहून हळू. हाताचं अख्खं नख नवीन यायला सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचं वर्ष ते दीड वर्ष. म्हणजे आज टोकाशी जे नख तुटतंय, ते मुळाशी तयार झालं तेव्हा पाच-सहा महिन्यांपूर्वीचे दिवस होते. कोणताही उपाय आठवड्यात दिसणार नाही, हे आताच मनाशी धरा.

या वेगाचा एक गमतीचा उपयोग आहे. सगळ्या बोटांच्या नखांवर एकाच उंचीवर आडवी खाच दिसली, तर ती मुळापासून किती दूर आहे ते पट्टीने मोजा. ९ मिलिमीटर असेल तर सुमारे तीन महिन्यांपूर्वी शरीराला मोठा धक्का बसला होता: टायफॉइड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन, अवघड बाळंतपण. त्या दिवसांत नखाची वाढ थांबली आणि खूण राहिली. फ्रेंच डॉक्टर बो यांनी १८४६ मध्ये या रेषांचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर त्यांना 'बो रेषा' म्हणतात. उपचार लागत नाही, खाच वाढत वाढत टोकाला येते आणि कापली जाते. खाच एकाच बोटावर असेल तर मात्र आजार आठवत बसू नका, दरवाज्यात बोट कधी चेंगरलं ते आठवा.

दुसरी पायरी: हात दिवसभर कशात असतात?

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. एक साधी कसोटी आहे: हाताची नखं तुटतात, टोकाशी पापुद्रे सुटतात, पण पायाची नखं चांगली मजबूत आहेत, तर दोष बहुतेक वेळा बाहेरचा असतो. पोटातून काही कमी पडलं असतं तर ते हातापायांना वेगवेगळं वागवत नाही.

भांडी, धुणं, गोठा, पुन्हा भांडी. पाण्यात नख फुगतं, सुकलं की आकसतं, आणि दिवसातून दहा-पंधरा वेळा असं झालं की त्याचे थर सुटतात. कपडे धुण्याचा सोडा आणि पावडर त्यावरचं तेल काढून टाकतात. पॉलिश काढायचं ॲसिटोनही तेच करतं.

शेतातलं वेगळं. कापूस वेचताना बोंडाच्या सुकलेल्या टोकदार पाकळ्या नखाच्या कडेला टोचतात, तिथली पातळ कातडी फाटते आणि जंतूंना वाट मिळते. रावेर, यावल, चोपड्याकडे केळीच्या बागेत काम करणाऱ्यांची नखं चिकाने काळी-तपकिरी पडतात. घाबरून दवाखाना गाठण्याआधी डागाची मुळाकडची कड बघा. बाहेरून लागलेला डाग, मग तो चिकाचा असो, हळदीचा की मेंदीचा, नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीच्या वळणाला धरून असतो, आणि खाली कोरं नख वाढत वर येताना दिसतं. कामाआधी हाताला तेल चोळलं तर चीक सुटायला सोपा जातो. फवारणीच्या दिवशी मात्र तेलावर भागवायचं नाही, रबरी हातमोजेच लागतात.

तिसरी पायरी: दिसतंय ते ओळखा

पांढऱ्या ठिपक्यांपासून सुरू करू, कारण त्यांच्याबद्दल सर्वात जास्त खोटं सांगितलं जातं. मुलांच्या नखांवरचे विखुरलेले पांढरे ठिपके म्हणजे नखाच्या मुळाला लागलेले बारीकसारीक मार. नख कुरतडणारं, बाकावर बोटं आपटणारं पोरगं असेल तर ठिपके असणारच. कॅल्शियमशी त्यांचा संबंध नाही. नखात कॅल्शियम असतंच नाममात्र; त्याला कडकपणा येतो तो केराटिन नावाच्या प्रथिनामुळे. उतारवयात नखांवर उभ्या बारीक रेघा येतात, त्याही वयाच्या. सोडून द्या.

आता खरं लक्ष द्यायची गोष्ट: चमच्यासारखं नख. नख मधून खोलगट होतं, कडा वर येतात. नखावर पाण्याचा एक थेंब ठेवा. ओघळून गेला तर ठीक, खळग्यात बसून राहिला तर रक्तातलं लोह तपासायला जा. सोबत नखाखालचा रंग फिका, जिना चढताना धाप, केस गळणं, माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं असेल तर उशीर करूच नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिला रक्तक्षयी निघाल्या, म्हणजे हा प्रश्न कोणा एका घरातला नाही. तान्ह्या बाळाच्या पायाची नखं चमच्यासारखी दिसली तर मात्र काळजी नको. ती बहुतेकांची तशीच असतात आणि मूल मोठं होताना सरळ होतात.

नखुरडं सगळ्यांना माहीत आहे. नखाची कड लाल होते, सुजते, ठसठसते, पू धरते. सुरुवातीला कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा बोट बुडवा आणि नंतर पूर्ण कोरडं करा. लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसायचा उपाय गावोगाव चालतो. त्यात बोटाला धक्का लागत नाही एवढाच फायदा. फाटलेल्या कातडीवर लिंबाचा रस झोंबतो आणि आतला पू तिथेच राहतो. बाभळीच्या काट्याने किंवा सुईने फोडण्याचा प्रकार त्याहून वाईट. पू दिसला की डॉक्टरांकडून निचरा करून घ्या. दुसरं एक नखुरडं असतं जे महिनोन् महिने धुमसतं: पू कमी, सूज कायम, नखाच्या मुळाची कातडी सुटलेली. ते पाण्यात हात घालणाऱ्यांचं दुखणं आहे. हात कोरडे राहिल्याशिवाय कोणतंही मलम त्यावर पुरत नाही. आत सुती आणि वर रबरी असे दोन मोजे घालून भांडी घासायला सुरुवातीला अवघड वाटतं, पण औषधाइतकाच त्याचा उपयोग होतो.

पायाचं नख जाड, पिवळं, भुसभुशीत झालं की बुरशी असं सगळे म्हणतात. बऱ्याचदा ती असतेही. पण सोरायसिसमध्ये आणि घट्ट बुटाच्या घासण्यानेही नख असंच दिसतं, म्हणून नखाखालचा भुसा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच औषध सुरू करावं. बुरशीची पोटातून घ्यायची औषधं हाताला साधारण दीड महिना आणि पायाला तीन महिने चालतात, आणि डॉक्टर त्याआधी यकृताची तपासणी सांगू शकतात. मेडिकलमधून न विचारता मिळणाऱ्या, स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांपासून लांब राहा. त्यांनी खाज थांबते आणि बुरशी आरामात पसरते.

बाकीचं थोडक्यात. नखावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील तर सोरायसिस किंवा चाई यांचा विचार होतो. नख मांसापासून सुटून पांढरं दिसत असेल तर थायरॉइड तपासतात. हिरवट झाक म्हणजे सुटलेल्या नखाखाली ओल राहून वाढलेले जंतू. ठेच लागून काळं झालेलं नख वाढेल तसा काळा भाग पुढे सरकतो, हीच त्याची ओळख.

दोन खुणा दिसल्या तर मात्र थांबायचं नाही. पहिली: दोन्ही हातांच्या एकाच बोटाची नखं एकमेकांना पाठीला पाठ लावून टेकवा. मधे हिऱ्याच्या आकाराची बारीक फट दिसायला हवी. ती बुजली असेल, बोटांची टोकं फुगीर आणि नखं पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली असतील, तर फुप्फुस आणि हृदयाची तपासणी करा. विडी ओढणाऱ्याने तर नक्कीच. दुसरी: एकाच नखावर नव्याने उमटलेली काळी उभी पट्टी, जी रुंदावते आहे किंवा जिचा रंग नखाच्या मुळाच्या कातडीवर उतरला आहे. सावळ्या माणसाच्या अनेक नखांवर अशा पट्ट्या त्वचेच्या रंगामुळेच येतात आणि निरुपद्रवी असतात, पण एकटी आणि वाढणारी पट्टी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचीच. तो क्वचित कर्करोग असू शकतो.

चौथी पायरी: रक्त

हिमोग्लोबिन महिलेचं १२, गरोदरपणात ११ आणि पुरुषाचं १३ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. पण साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं, म्हणून डॉक्टरांना लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिन चाचणीबद्दलही विचारा. गरजेप्रमाणे थायरॉइड, बी-१२ आणि साखर.

लोह कमी निघालं तर पुढचा प्रश्न: ते जातंय कुठे? पाळीत जास्त रक्त जाणं, अनवाणी चालण्यातून आलेले हुककृमी, मूळव्याध, पोटातला व्रण. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं तर रक्तस्राव शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या घेत राहणं धोक्याचं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या आणि वरच्या पाड्यांवरच्या भिल्ल, पावरा बांधवांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. नखं फिकी असण्यामागे तिथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असू शकतो. त्यात लोह कमी असेलच असं नाही, कधी उलट जास्त साठलेलं असतं. म्हणून आधी रक्ताची सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी, ती सकारात्मक आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस, आणि मग डॉक्टर सांगतील तरच लोहाची गोळी. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिच्यात तपासणी सरकारी दवाखान्यातून होते.

पाचवी पायरी: ताट

नखाचं केराटिन प्रथिनापासून बनतं, आणि त्यात सिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल भरपूर असतं. डाळीत गंधकवाली अमिनो आम्लं कमी आणि लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल जास्त, ज्वारी-बाजरीत उलट. दोन्ही एकत्र खाल्लं की उणीव भरून निघते. आपली कळण्याची भाकरी हेच करते: ज्वारीत सालासकट उडीद दळलेला. कोणत्याही परदेशी पावडरीला तिची सर येऊ देणार नाही मी. फुणके-कढी, फौजदारी डाळ, डाळ-बट्टी याच घरातल्या गोष्टी. शेवभाजीत बेसन असतं म्हणून तिलाही पौष्टिक ठरवणारे भेटतात. तर्रीकडे बघून मी गप्प बसतो.

भारतीय शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. कळण्याच्या दोन मध्यम भाकरींतून साधारण १५ ग्रॅम मिळतात, मूठभर शेंगदाण्यांतून ७, घट्ट वरणाच्या वाटीतून ७, पेलाभर दुधातून ६. रात्री पुन्हा भाकरी आणि डाळ झाली की हिशोब जुळतो. जुळत नाही तो वरण पाण्यासारखं पातळ केल्यावर.

लोहाचं गणित अवघड आहे. बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे, पुरुषाला १९. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ६.४ मिलिग्रॅम असतं, ज्वारीत ४ च्या आसपास. शिवाय धान्य-भाजीतलं लोह शरीर थोडंच उचलतं, म्हणून ते उचलायला मदत करणं हाच खरा स्वयंपाक. जेवताना वरून लिंबू पिळा, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. फोडणीत टाकलेल्या लिंबाचा तेवढा उपयोग नाही. हिवाळ्यात पेरू आणि आवळा. मटकी, मूग मोड आणून खा. पोकळा, मेथी, अंबाडी लोखंडी कढईत शिजवा. आंबट भाजीत कढईतलं लोह जास्त उतरतं. आणि चहा? जेवणाला लागून घेतलेला चहा लोह अडवतो. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा बंद. कोणाला तोडता येत नाही हे मला माहीत आहे, पण वेळ तरी सरकवता येते.

आता काही लाडके गैरसमज. केळीने रक्त वाढत नाही. जळगावात हे लिहायला धैर्य लागतं, पण १०० ग्रॅम केळ्यात लोह अर्धा मिलिग्रॅमही नसतं. केळं खा ते ताकदीसाठी आणि पोटॅशियमसाठी. बीटही रंगानेच लाल. गुळाचा खडा गोडीला ठीक, त्यातून मिळणारं लोह त्या खड्याएवढंच.

मांसाहारी घरात मटणातलं लोह चांगलं शोषलं जातं, पण ते फोडींमध्ये असतं, रश्शात फार थोडं. फोडी आधी बसणाऱ्यांच्या ताटात जातात आणि शेवटी जेवणारीला रस्सा उरतो. चमच्यासारखी नखं घरात कोणाची आहेत ते बघा आणि मग वाढायचा क्रम ठरवा. काळजात, म्हणजे कलेजीत, लोह भरपूर असतं, गरोदर बाईने मात्र ते टाळावं, कारण अ जीवनसत्त्व फार असतं.

माळकरी आणि इतर शाकाहारी घरांत बी-१२ कडे लक्ष हवं. ते धान्य-भाजीत नसतं. दूध, दही, ताक रोज हवं, चालत असेल तर अंडं. बोटांच्या पेरांवरची कातडी आणि नखं काळवंडत असतील, सोबत हातापायाला मुंग्या येत असतील, तर बी-१२ तपासून घ्या.

सहावी पायरी: गोळ्या, घ्यायच्याच असतील तर

लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात: किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एक निळी, गरोदर मातांना रोज एक लाल. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. शौचाला काळं होतं, ते अपेक्षित आहे. पोटात कळ आली तर बंद करण्यापेक्षा जेवणानंतर घेऊन बघा. हिमोग्लोबिन जागेवर आलं तरी साठा भरायला पुढे आणखी दोन-तीन महिने गोळी चालू ठेवतात, आणि नेमकी इथेच बहुतेकांची बाटली कपाटात जाते.

बायोटिनबद्दल माझं मत सरळ आहे: नेहमीचं जेवण जेवणाऱ्याला त्याची कमतरता क्वचितच असते. दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि बाजारातल्या गोळीत त्याच्या शेकडो पट. ठिसूळ नखांवर उपयोग झाल्याचे अभ्यास छोटे आहेत. त्याहून मोठी अडचण म्हणजे बायोटिनमुळे थायरॉइडचा आणि हृदयविकारात करतात त्या ट्रोपोनिनचा अहवाल चुकीचा येऊ शकतो. घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

सातवी पायरी: रोजची निगा

अंघोळीनंतर नखं मऊ असताना कापा. हाताची हलकी गोलाई चालेल, पायाची सरळ रेषेत आणि फार खोल न जाता, नाहीतर कोपरा मांसात रुततो. मुळाची कातडी कापू नका, मागे ढकलू नका. जंतूंना अडवणारी तीच कड आहे. रात्री खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन नखाला आणि कडेला चोळा. मधुमेह असेल आणि पायाला बधिरपणा असेल तर पायाची नखं स्वतः कापू नका, नजर असलेल्या माणसाकडून कापून घ्या आणि शेतातही अनवाणी जाऊ नका.

दवाखान्यात जाताना

बोट लाल होऊन रेघ हातावर चढत असेल, ताप असेल, किंवा मधुमेहाच्या माणसाच्या पायाच्या नखाशी पू असेल तर त्याच दिवशी जा. बाकीच्या गोष्टींसाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि त्वचारोगतज्ज्ञ लागला तर जळगाव, धुळे किंवा नंदुरबारचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. जाताना पॉलिश आणि मेंदी नको. बुरशीची शंका असेल तर आदल्या दिवशी नखं अगदी मुळापर्यंत कापून जाऊ नका, तपासायला नमुना उरत नाही. तारखेचे फोटो, चालू गोळ्यांची पाकिटं आणि लावलेल्या मलमाची नळी, रिकामी झाली असली तरी, पिशवीत टाका.